रणधीर समोर आला तेव्हा

“आज त्यो समोर हाय न्हवं?” फोनवर शिवानंदचा आवाज आला. फोन अव्वाने, त्यांच्या आईने, त्याच्या कानाला धरला असणार. मागे तिच्या बांगड्या वाजत होत्या.

“हाय,” वीरभद्र म्हणाला.

“मग म्या आत्तापासूनच टीव्हीम्होरं बसतो. नीट दिसलं पायजे मला.”

काय दिसले पाहिजे, हे दोघा भावांना बोलून दाखवायची गरज नव्हती. वीरभद्रने फोन बॅगेत टाकला आणि बुटांच्या नाड्या आवळल्या. बाहेर स्टेडियममध्ये भोंगे वाजत होते.

रग्बी हा शिवानंदचा खेळ. अणदुरात त्याच्याआधी कुणी तो लांबट चेंडू पाहिलाही नव्हता. आठ वर्षांपूर्वी धाराशिवला राज्याच्या संघासाठी शिबिर भरले. एका जागेसाठी दोघे उरले, अणदूरचा शिवानंद आणि त्याच जिल्ह्यातल्या वाशीचा रणधीर. सरावाच्या सामन्यात शिवानंद उंच चेंडू झेलायला हवेत उडाला आणि रणधीर त्याच्या पायांखाली घुसला. हवेतल्या माणसाला हात लावायचा नाही, हे त्या खेळात पहिल्या दिवशी शिकवतात. शिवानंद उन्हाने दगड झालेल्या जमिनीवर मानेवर आदळला. “ऊठ की, नाटकं नको करू,” म्हणत रणधीरने त्याचे दोन्ही हात धरून त्याला ओढून उभे केले.

“पडल्यानं इतकं झालं नसतं, ओढल्यानं झालं,” असे सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितले. शिवानंद चालू लागला, पण त्याचे हात खांद्यापासून मेले ते मेलेच. रणधीर राज्याकडून खेळला, मग देशाकडून.

वीरभद्र तेव्हा तालमीत जायचा. त्याने तालीम सोडली आणि पुण्याच्या क्लबात जाऊन हा खेळ धरला. वजन उचलताना, चिखलात धावताना, सुजलेल्या गुडघ्यावर बर्फ बांधताना त्याच्या डोळ्यांपुढे एकच तोंड असायचे. कधीतरी सामना रंगात आला, साथीदाराने पास अचूक हातात दिला, की तो रणधीरला विसरायचा. नुसता पळायचा, हसायचा. रात्री त्याचीच त्याला शरम वाटायची. पगारी लीग निघाली, त्याला एका संघाने घेतले. रणधीर दुसऱ्या संघाचा कप्तान होता. वीरभद्रला हेच हवे होते.

मैदानात उतरताना बोगद्यात रणधीर स्वतःहून जवळ आला. केस कानाजवळ पांढरे झाले होते.

“तू शिवानंदचा भाऊ ना?” त्याने विचारले. “आपल्या धाराशिवची दोघं एवढ्या मोठ्या मैदानावर... लई बरं वाटलं बघ.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “कसा हाय त्यो? घरी येईन येईन म्हणतोय, पण पाय उचलत न्हाय.”

 वीरभद्रच्या आतून आगीचा लोळ उठला. आठ वर्षे! वाशीहून अणदूर ते काय लांब?

“आज भेट व्हईल की,” तो म्हणाला.

मध्यंतरानंतर खेळ सुरू झाला आणि चेंडू उंच उडाला. खाली रणधीर उभा होता, डोळे आभाळात, हात वर. तो उडाला. वीरभद्र पूर्ण वेगाने येत होता. चेंडूवर झेप घेता आली असती. रणधीर खाली उतरेपर्यंत थांबून त्याला नियमाने पाडताही आले असते. वीरभद्रने खांदा खाली घातला आणि त्याचे पाय उडवले.

रणधीर हवेतच उलटा झाला आणि मानेवर आला.

पंचांची शिट्टी, लोकांचा ओरडा. रणधीरचा एक साथीदार वीरभद्रला ढकलून पुढे गेला आणि उठवण्यासाठी त्याने रणधीरचा हात धरला.

“ओढू नको त्याला!” वीरभद्र किंचाळला. आपण कधी गुडघ्यांवर बसलो, हे त्याला कळले नाही. रणधीरचे डोके त्याने दोन्ही तळव्यांत घट्ट धरले होते. “कुणी हात लावायचा न्हाय! डॉक्टरला बोलवा.”

रणधीर डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत होता. “बोटं हालत्यात का बघ की माझी,” तो पुटपुटला.

वीरभद्रने पाहिले. गवतात बोटे थरथरत होती.

“हालत्यात,” तो म्हणाला.

स्ट्रेचर येईपर्यंत त्याने हात सोडले नाहीत. मग पंचांनी दाखवलेले लाल कार्ड बघून तो मुकाट्याने बाहेर गेला.

रणधीर वाचला. हात-पाय शाबूत राहिले, पण डॉक्टरांनी त्याला मैदानाची वाट कायमची बंद केली. लीगने वीरभद्रवर बंदी घातली, संघाने करार मोडला. बॅग घेऊन तो अणदूरला परतला. कुठल्याही क्लबाचा फोन येईना.

शिवानंद मात्र बदलला होता. दाढी करून घेत होता, आल्यागेल्याशी बोलत होता. इतकी वर्षे सामन्याचे नाव काढले की भिंतीकडे तोंड करणारा हा माणूस सकाळ-दुपार एकच चित्रफीत मागायचा.

त्या दिवशी दुपारीही त्याने हाक मारली. “वीरू, लाव रं.”

वीरभद्रने त्याच्यासमोर मोबाईल डब्याला टेकवून ठेवला. चेंडू उडाला, रणधीर उडाला, पडला.

“हितंच थांबव,” शिवानंद घाईने म्हणाला. “फुडचं नको.”

“फुडचं बी म्याच केलंय, दादा.”

“ते मला नको. परत लाव.”

वीरभद्रने अव्वाकडे पाहिले. ती दुधात भाकरी कुस्करत होती. तिने मान वर केली नाही. त्याने पुन्हा बटण दाबले आणि दाराबाहेर बघत राहिला. लोकांचा ओरडा घरभर घुमला.

अव्वाने घास पुढे केला. पडद्यावरची नजर न काढता शिवानंदने तोंड उघडले.