डोळ्यांवरचा पंचा

काचेच्या बशीत तो भुंगेरा थबकला होता — तांदळाच्या दाण्याहून लहान, झाडाच्या सालीखाली, अंधारातच जन्मलेला. सुनेत्राने लाल दिवा त्याच्या डोक्यावर आणला. हालचाल नाही. याला लाल दिसतच नाही. हिरवा लावला की मात्र कसा तुरुतुरु निघतो... म्हणून तर परळच्या या प्रयोगशाळेत ती वर्षानुवर्षं लाल उजेडात बसते, किड्याला त्रास नको म्हणून. चुकून कुणी पांढरा दिवा लावला तर वसकन अंगावर जाते.

आणि अप्पा?

सकाळी अनिशचा, धाकट्या भावाचा, फोन आला होता. "ताई, संध्याकाळी अप्पांना दादरला नेतोय. आता माझ्याकडेच राहू देत. अगं, डोळ्याच्या ऑपरेशनपासून त्यांना उजेड सोसत नाही. तुला बोलले नाहीत?"

नाही बोलले. गणपतीत तिने मोठ्या हौसेने फणसवाडीतल्या त्यांच्या दोघांच्या एवढ्याशा खोलीत, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर वर, झगझगीत पांढरी ट्यूब लावून घेतली — अप्पा, आता पेपर वाचा खुशाल — आणि दुसऱ्या दिवसापासून ते डोळ्यांवर पंचा टाकून बसू लागले. तिला वाटलं, म्हातारपणाचा रुसवा. 'दिवसाढवळ्या काय तोंड झाकून बसता!' म्हणत तिने तो पंचा ओढून घेतला होता, धुवायला टाकला होता... तेव्हा त्यांनी नुसते डोळे मिटून घेतले. दिव्याखाली अंधार म्हणतात. माझ्या घरी दिव्याखाली अप्पा होते, आणि मी दिवसभर किड्यांचे डोळे तपासून घरी येत होते.

दिवेलागणीला ती पोचली. दाराशी अप्पांची बॅग भरून तयार. ते खुर्चीत, डोळ्यांवर पंचा, आणि वर ट्यूब चालू — ती यायच्या वेळी ते स्वतःच लावून ठेवत. तिने ट्यूब बंद केली आणि त्यांच्या पायांशी बसली. 'जाऊ नका' म्हणायचं ठरवून आली होती.

"लाइट गेले का गं?"

"नाही अप्पा. ट्यूब मीच बंद केली."

"लाव, लाव. तुला दिसायचं नाही काही."

जिन्यावर अनिशच्या चपला वाजल्या. ती उठली नाही. अप्पांनी डोळ्यांवरचा पंचा काढला की नाही, तेवढंच तिला पाहायचं होतं... आणि अंधारात तेवढंच दिसत नव्हतं.