एक्केचाळीस लाल ओळी

कुठली कचेरी ते सांगत न्हाई, मला तिथं अजून जायचंय. पण झालं ते सगळं सांगणार. कुणाला राग आला तर नारायणगावात स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान हाय. वैजयंतीचं दुकान म्हणून विचारा आणि खुशाल भांडायला या.

आमचं पायवाट मंडळ. पगार न्हाई, मानधन न्हाई, सगळी आपली हौस. डिंगोरे गावाच्या वरच्या अंगाला ज्या वाड्या हायेत, तिथनं आजारी माणूस खाली आणायचं, वाटा साफ करायच्या आणि कचेऱ्यांना पत्रं लिहायची. लिहिणार हौशीराम गुरुजी, शाळेतनं निवृत्त झालेले. कार्बन घालून लिहायचे, मोत्यासारखं अक्षर. एक प्रत कचेरीला, एक आमच्या ट्रंकेत. सात वर्षांत एक्केचाळीस पत्रं झाली आणि सगळी एकाच साकवाची. वाडीच्या ओढ्यावर माणसाला चालत जाता येईल एवढा छोटा पूल पाहिजे, बास.

पाहिजे कुणाला, तर सगळ्यांत आधी वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्या अंबाबाईला. तिच्या किडन्या गेल्यात. सोमवारी आणि गुरुवारी नारायणगावला डायलिसिसला यावंच लागतं. ओढा भरला की चौघं जण डोलीत घालून तिला कमरेएवढ्या पाण्यातनं काढतात. यंदाच्या पावसात पाणी छातीला लागलं आणि तिच्या डायलिसिसच्या दोन खेपा चुकल्या. तोंड सुजून डोळे दिसंनात. मी बघितलंय तिला.

दिवाळी झाल्यावर कामांची यादी लागती. मी कचेरीतल्या साहेबांना भेटले. नवीन आलेले, बोलायला गोड. म्हणाले, "यादी अर्जाच्या तारखेप्रमाणं लागते, ताई. तुमचा पहिला अर्ज यंदाच्या श्रावणातला दिसतोय. पुढच्या वर्षी नंबर लागेल." श्रावणातला तो बेचाळिसावा अर्ज मी नेऊन दिला व्हता, आधीचे सगळे गुरुजींनी.

"आवो, त्याच्या आधी एक्केचाळीस दिलेत!"

"आवक रजिस्टरला एकाचीही नोंद नाही."

माझं डोकंच फिरलं. ट्रंक उचलून दुकानात आणली. पुण्यात कंपनीत असलेली माझी भाची प्राची, तिनं फोनवरनं सगळं जुळवून दिलं. आता मोबाईलनं पत्राचा फोटो काढला की कंप्युटर आपणच तारीख, विषय, कुणाला लिहिलं ते वाचतो आणि ज्याच्या त्याच्या जागी ठेवतो. कचेरीचा पोचेचा शिक्का दिसला तर ओळ हिरवी, न्हाई दिसला तर लाल. महिनाभर उत्तर न्हाई आलं तर स्मरणपत्रबी आपणच तयार करतो. दोन रविवार बसून मी एक्केचाळीस फोटो काढले.

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस लाल.

मला वाटलं मशिन बिघडलं. कागद उलटेपालटे करून बघितले. शिक्का कुठंच नव्हता. गुरुवारी गुरुजींना बोलावलं. पडदा बघून ते हळूच म्हणाले, "भगवंत माझा विद्यार्थी गं. कचेरीत आवकच्या टेबलाला असतो तो. गेलं की उठून उभा राहतो, चहा मागवतो. म्हणतो, गुरुजी, ठेवून जा, मी बघतो. त्याचा चहा पिऊन त्यालाच शिक्का कसा मागायचा? विश्वास नाही असं वाटलं असतं त्याला."

"म्हंजी एक्केचाळीस कप चहा पिलात आणि अंबाबाई पाण्यात!"

बोलून गेले. लई लागलं त्यांना. म्हणाले, "बंद कर ते यंत्र. सात वर्षांचं माझं काम असं लाल करून दाखवतंय."

"न्हाई करणार," मी म्हटलं. "आपल्याला भीड पडती, त्याला पडत न्हाई. म्हणून तर आणलंय."

अंबाबाई त्या दिवशी डायलिसिस करून दुकानातच टेकली व्हती. ती म्हणाली, "गुरुजी, पुढच्या वर्षी म्हणत्यात ते. पुढचं वरीस मला कुणी लिहून दिलंय?"

गुरुजी उठून गेले.

मंगळवारी आमी कचेरीत शिक्के मागायला गेलो. एक्केचाळीस माणसं, एकेकाच्या हातात एकेका पत्राची प्रत. पहिलं पत्र अंबाबाईकडं, तिला खुर्ची दिली. रांग पार फाटकाबाहेर. गुरुजी येतील का न्हाई ठाऊक नव्हतं, पण शेवटचं पत्र घेऊन ते रांगेच्या टोकाला येऊन उभे राहिले.

भगवंत म्हणाला, "आवो, ही पत्रं आमच्याकडं आलेलीच न्हाईत. न आलेल्याची पोच कशी देऊ?"

गलका ऐकून साहेब बाहेर आले. "सगळे मिळून एकच अर्ज द्या. आजच्या तारखेचा शिक्का देतो."

"आजचा नको," मी म्हटलं. "आज घेतला तर आमी पुढच्या वर्षात गेलो. ज्या त्या तारखेचा पाहिजे. न्हाई मिळाला तर उद्या परत येऊ, परवा परत. आमाला पगार न्हाई, रजा टाकायची गरज न्हाई."

"पत्रं दिल्याचा पुरावा आहे का?"

पुरावा कुठला? आमच्याकडं नुसत्या लाल ओळी.

मागनं गुरुजी सगळ्यांना ओलांडून पुढं आले. भगवंत सवयीनं उठला. "या गुरुजी, बसा. अरे, चहा सांग रे."

गुरुजी बसले न्हाईत. "चहा नको, भगवंत. लई झाला. कपाट उघड."

"कुठलं, गुरुजी?"

"तुझ्या पाठीमागचं. खालचा कप्पा. माझ्या डोळ्यांदेखत ठेवायचास."

भगवंत साहेबांकडं बघाय लागला. साहेब म्हणाले, "उघडा."

खालच्या कप्प्यात सुतळीनं बांधलेला गठ्ठा व्हता. एकावर एक, मोत्यासारखं अक्षर. फेकली नव्हती त्यानं, नोंदवलीबी नव्हती. साहेबांनी सगळ्यात खालचं पत्र ओढून काढलं, तारीख वाचली, आणि अंबाबाईच्या हातातल्या प्रतीशी ताडून बघितली.

"नोंदवून घ्या. आत्ता, माझ्यासमोर. मूळ तारखा लिहा, उशीर कुणामुळं झाला तेही लिहा."

दुपारपत्तोर शिक्के पडत व्हते. गुरुजींनी माझा मोबाईल मागून घेतला आणि एकेका शिक्क्याचा फोटो स्वतः काढला. भगवंतनं मधी चहा मागवलाच. गुरुजींचा कप तसाच गार झाला.

निघताना साहेब अंबाबाईजवळ आले. "आजी, काळजी करू नका. यंदाच्या यादीत तुमचा साकव पहिला. पावसाच्या आत काम होईल."

अंबाबाई उठली न्हाई.

"लई बरं झालं, साहेब. पर ते लिहून द्या. शिक्का मारून."