वीरसिंगची पेन्सिलवही

एकोणीसशे एकोणसाठच्या चैत्रात कळसाडीला जमिनीच्या एकत्रीकरणाचं काम निघालं. विखुरलेली वावरं आपसात बदलून प्रत्येकाची जमीन एका जागी करायची, असा बेत. कारकून वीरसिंग चावडीत बसून नोंदी करत होता. माणूस चाळिशीचा आणि भारी काटेकोर. प्रत्येक नोंद आधी साध्या शिसपेन्सिलीनं कच्च्या वहीत टिपायचा, मग शाईनं रजिस्टरात उतरवायचा. सगळ्यांचे अंगठे झाले की कच्च्या वहीत 'पूर्ण' लिहायचा. दुप्पट मेहनत, म्हणून लोक हसायचे.

त्या दिवशी दहा अदलाबदली पार पडल्या. अकरावी तिघांची होती. अनुसयाबाईचं नाल्याकाठचं वावर दोधूला, दोधूचं विहिरीचं रतिलालला आणि रतिलालचं शिवेवरचं अनुसयाबाईला. अनुसयाबाईच्या उरलेल्या जमिनी शिवेलाच लागून होत्या. बैल घेऊन गावाला वळसा घालण्यात तिची निम्मी सकाळ जायची, म्हणून ती सगळ्यांत आधी येऊन बसली होती.

वीरसिंगनं पहिल्या दोन नोंदी वहीत टिपून रजिस्टरात उतरवल्या. तिसरीसाठी टाक दौतीत बुडवला आणि बाहेरच्या वडावर घारीनं आग्यामोहोळावर झडप घातली.

"मोहोळ उठलं! पळा!"

एकच धावपळ. कुणी घोंगडीखाली शिरलं, कुणी थेट नाल्यात. कुणाच्या तरी पायानं रांजण लवंडला, दौत त्यातच गेली. तासाभरानं माशा शांत झाल्यावर लोक परतले, तर रजिस्टर पाण्यात लोळत होतं. पानांवर नुसते निळे ओघळ.

वीरसिंगच्या कानाला सूज होती, पण त्याला दुखणं जाणवेना. दहा अदलाबदलींच्या जमिनी त्या ओघळांत गेल्या होत्या. त्यानं कच्ची वही उचलली. तीही चिंब होती. पान उलटलं. मग दुसरं. त्याचा आवाज चिरकला. "आहे! सगळं आहे! पेन्सिल विरघळली नाही!"

चावडीत आरोळी उठली. दोधूनं त्याला मिठीच मारली.

"ज्यांच्यापुढे 'पूर्ण' आहे, त्या दहाही नोंदी मी जशाच्या तशा पुन्हा लिहितो. अंगठे तेवढे परत द्या."

"आन् आमनी?" अनुसयाबाई पुढे सरकली. "मन्हं वावर गयं, आन् माले काय भेटनं?"

रतिलालचा एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्या डोळ्यानं त्यानं वहीत पाहिलं. विहिरीचं वावर त्याच्या नावावर चढलं होतं, शिवेवरचं अजून त्याचंच होतं. तो म्हणाला, "लिखेल शे ते लिखेल शे, भाऊसाहेब."

वीरसिंगनं वही मांडीवर घेतली.

"रतिलालभाऊ, इथं 'पूर्ण' कुठे आहे दाखवा." त्यानं पान रतिलालपुढे धरलं. "तिघांचं झालं तर झालं. एकाचंही अडलं, तर कुणाचंच झालं नाही. या दोन नोंदी मी धरत नाही. जुनं दप्तर पेटीत कोरडं आहे. त्यात काल होतं, ते आजही तसंच."

"म्हणजे विहीर?"

"दोधूची."

रतिलालनं चटकन दोधूकडे पाहिलं. दोधू गालातल्या गालात हसत होता. विहिरीसाठी रतिलाल तीन वर्षं त्याच्या मागे लागला होता, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"आते काय व्हई?" रतिलालचा आवाज नरमला.

"परत लिखी टाका ना!" अनुसयाबाई म्हणाली. "तिन्ही एकसाथ. मी आंगठा धरीसनच बठेल शे."

तिच्या अंगठ्याला खरंच शाई होती. रतिलाल आधी कसनुसा हसला, मग सुजल्या डोळ्यानिशी मोकळेपणानं हसला. कोरडं रजिस्टर आलं. दहा नोंदी उतरल्या, अंगठे उठले. मग अकरावी. एक, दोन, तीन. तिघांचे अंगठे उमटेपर्यंत कुणी हललं नाही. वीरसिंगनं पेन्सिल उचलून वाळत आलेल्या वहीत 'पूर्ण' लिहिलं, तेव्हा बाहेर हलगी वाजायला लागली.

मोजणीची साखळी घेऊन सगळे शिवेकडे निघाले. अनुसयाबाई पदर खोचून सर्वांच्या पुढे चालत होती. मध्येच वळून ओरडायची, "चाला रे लवकर!" आणि हद्दीचा पहिला दगड तिनं कुणाला हात लावू न देता स्वतःच उचलून रोवला.