डीपमधली उडी

प्रितम सरांचा हात श्रुतिकाच्या पाठीवर टेकला, तशी तिच्या आईने, मृणालिनीने, जाळीचं दार ढकललं आणि चपला हातात घेऊन ती थेट पोहण्याच्या तलावाच्या काठाशी आली. ‘पालकांनी जाळीबाहेर बसावे’ ही पाटी तिने सबंध बॅचभर इमानेइतबारे पाळली होती. आता पुरे झालं.

आज बॅचचा शेवटचा दिवस. या दिवशी प्रत्येक मुलाने डीपमध्ये, म्हणजे खोल बाजूला, उडी मारायची, सरांनी ढकललं तरी त्याला उडीच म्हणायचं, आणि जाळीमागून आईबापांनी व्हिडिओ काढायचा, असा मालाडच्या त्या क्लबातला रिवाज होता. बाकीची मुलं धपाधप पडून, नाकातोंडात पाणी घेऊन खोकत बाहेर आली होती. त्यांना टाळ्याही मिळाल्या होत्या. श्रुतिका मात्र काठावर पाय रोवून उभी होती. आठ वर्षांची पोर, पण नाही म्हणजे नाही.

“सर, हात काढा.”

“मॅडम, तुम्ही आत आलात की मुलं रडतात. बाहेर थांबा ना प्लीज.”

“ती रडत नाहीये. नाही म्हणतेय. तेवढं तुम्हाला ऐकू येत नाहीये.”

प्रितम सर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी हात काढला आणि मदतीच्या आशेने जाळीकडे पाहिलं. मदत निघालीच होती. मोबाइल उंच धरून तिचा नवरा राजेश आत आला.

“तमाशा नको करूस, मिनू. एकदा पडली की भीती मोडते. मला अण्णांनी विहिरीत ढकललं होतं. मेलो का मी?”

ही विहीर मृणालिनीला पाठ होती. दर मे महिन्यात देवगडला सासरच्या अंगणात तिची गोष्ट निघायचीच. तरंगायला कमरेला बांधलेले सुके नारळ सुटले आणि राजेश हात मारत एकटा काठाला लागला, इथे सगळे हसायचे. तीही हसायची.

“मग तू मार उडी,” ती म्हणाली. “तिच्यासोबत. व्हिडिओ मी काढते.”

तिला फक्त त्याचं तोंड बंद करायचं होतं.

“कॉस्च्युम कुठाय माझ्याकडे?”

“गेटवर मिळतो, साहेब,” प्रितम सर भाबडेपणाने म्हणाले.

राजेशने मोबाइल खिशात ठेवला, पुन्हा काढला. काठापासून तो बराच मागे उभा होता आणि तिथून त्याचे पाय पुढे येत नव्हते. मृणालिनीला देवगडचा समुद्र आठवला. सगळे पाण्यात जायचे आणि हा वाळूत चपला राखत बसायचा. सर्दी झालीय, म्हणायचा. ऐन मे महिन्यात, दर वर्षी सर्दी. आपल्याला ते कधी खटकलं कसं नाही, याचा तिला आता राग आला.

“राजेश,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुला विहिरीतून काढलं कोणी?”



“शिवदासकाकांनी. दोर टाकून.”

श्रुतिकाने दोघांकडे पाहिलं. मग कोणालाही न विचारता ती शिडीपाशी गेली, पाठमोरी एकेक पायरी उतरली आणि तिने दांडा सोडला. प्रितम सर निमूटपणे पाण्यात उतरले आणि हाताच्या अंतरावर थांबले. श्रुतिका उताणी झाली. कान पाण्यात, पोट वर, हात पसरलेले. खोल पाण्यावर ती आरामात पडून राहिली.

बऱ्याच वेळाने शिडी धरून तिने डोकं वर काढलं.

“बाबा, तू शॅलोला ये, तिथे उथळ आहे. आधी नुसतं झोपायचं असतं. मी धरते तुला.”

राजेश तिथेच ओल्या फरशीवर बसला आणि पँट दुमडू लागला. मृणालिनीने त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि बंद करून आपल्या पर्समध्ये टाकला.