गोपाळमामांची डुलकी

धंतोलीतल्या इस्पितळाचं एमआरआय यंत्र मयुराला संशोधनासाठी फक्त रविवारी दुपारी मिळायचं, आणि आज काही हाती लागलं नाही तर पुढचे रविवार विसरा, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. माणूस सावध होतो तेव्हा नाडी, तळहाताचा घाम आणि मेंदू एकदमच हलतात, एवढंच तिला दाखवायचं होतं. आजवर कॉलेजची पोरं आली. ती इतकी टक्क जागी राहिली की पडद्यावरच्या नाडीच्या, घामाच्या सगळ्या रेघा सपाट. रेघ हललीच नाही तर मेंदूशी जुळवायचं काय?

आज पाळी गोपाळमामांची होती. बुटीबोरीच्या सूतगिरणीत जन्मभर रात्रपाळी केली, पण कधी डोळा लागला नाही, हे ते लग्नकार्यातही ऐकवायचे. आत झोप येऊ नये म्हणून पोट हलकं ठेवा, असं मयुराने सगळ्यांसारखं त्यांनाही बजावलं होतं. पण घरी आलेल्या भावाला तिची आई कुसुमताई उपाशी धाडेल? पाटोडीचा रस्सा, त्यावर भात, त्यावर आग्रह.

मामा यंत्रात शिरले. ठिपका दिसला की बटण दाबायचं. थोडा वेळ दाबलं, मग सगळं थंड.

यंत्र चालवणाऱ्या रजतने कपाळाला हात लावला. "मॅडम, मामाजी झोपून राहिले."

मयुराला रडूच आलं. आईचा असा राग आला की सोय नाही. तिने माइकवर हाक मारली, "मामा!"

आत मामा दचकले. घामाची रेघ टुणकन उडाली, नाडी मागोमाग धावली, बटण वाजू लागलं. मग पुन्हा डुलकी, पुन्हा हाक.

नंतर तिने त्या रेघांखाली मेंदूची चित्रं लावली आणि ती खुर्चीतून उठलीच. मामा जागे झाले की दर वेळी मेंदूच्या बुडाशी एक बारीक जागा उजळत होती, रेघा उडाल्या अगदी त्याच क्षणी. जी डुलकी ती इतके दिवस हाकलत होती, तीच तिला हवी होती! आनंदाच्या भरात तिने रजतच्या पाठीत धपाटा घातला.

मामा मान खाली घालून आले. "मी झोपलो नाही वं. जरासे डोळे मिटले होते."

मयुराने हसत फोन लावला. रजतला वाटलं मोठ्या डॉक्टरांना, पण पलीकडे कुसुमताई होती.

"आई, पुढच्या रविवारी मामाले पुन्हा जेवाले बोलाव. अन् आग्रह सोडू नको."

मामांची मान वर आली. "भाताचंही सांग," ते म्हणाले.