बाबांची पाठांतराची वही

मी प्रॉडक्ट डिझायनर आहे. म्हणजे नेमकं काय करते, हे आईने नातेवाइकांसाठी एकदाचं ठरवून टाकलंय: "मोबाईलमधली बटणं कुठं असावीत, ते ती ठरवते." अकरा वर्षांच्या कारकिर्दीचा इतका नेमका सारांश मला स्वतःला कधी जमला नाही.

त्या अकरा वर्षांत मी तीन स्टार्टअप बुडताना आतून पाहिले. पहिला घरोघरचे कपडे इस्त्रीला नेणारा, दुसरा कुंड्यांना पाणी घालायची आठवण करणारा, तिसरा शेजाऱ्याकडे ड्रिल मशीन मागायला मदत करणारा. जणू दारावरची बेल कुणी काढून नेली होती! तिन्हीकडे एकदा बसलं की उठता येत नाही अशा गुबगुबीत गाद्या होत्या, आणि तिन्हीकडचे साहेब "आपण एक कुटुंब आहोत" म्हणायचे. तिसऱ्याने तर हे सोमवारी म्हटलं आणि शुक्रवारी अख्ख्या कुटुंबाला नारळ दिला.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बास, आता स्वतःचं काम. आईबाबांकडे राहायला आले आणि जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. अर्ध्या टेबलावर माझा लॅपटॉप, अर्ध्यावर आईचे मटार. मी सुट्टीवर आलेय अशी तिची ठाम समजूत, त्यामुळे मटार हळूहळू माझ्या बाजूला सरकायचे.

दोन महिन्यांनी पहिलं काम चालून आलं. एका फिजिओथेरपिस्ट डॉक्टरीणबाईंना पेशंटसाठी ॲप हवं होतं: घरी कुठले व्यायाम करायचे, किती वेळा, पुन्हा दाखवायला कधी यायचं. पेशंट बहुतेक साठीच्या पुढचे, गुडघ्यांनी संप पुकारलेले. बाईंची अट एकच. गुरुवारी त्यांच्यासमोर एका वयस्कर माणसाने ते ॲप कुणीही न शिकवता वापरून दाखवायचं. जमलं तर काम माझं, नाहीतर बारा माणसांची एक कंपनी टपून बसलेलीच होती. इकडे तिसरे साहेब चौथा स्टार्टअप काढून मला रोज फोन करत होते. हे काम गेलं असतं, तर सोमवारी मी पुन्हा त्या गादीत रुतले असते.

तरी मी निर्धास्त होते, कारण माझ्याकडे बाबा होते.

बाबा टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. माझं प्रत्येक ॲप आधी त्यांच्यावर तपासायचं, हा माझा शिरस्ता. एक-दोन दिवस आधी त्यांच्या फोनवर पाठवायचं, "उघडतंय का तेवढं बघा" म्हणायचं, आणि मग समोर बसून निरखायचं. अगदी पहिल्या वेळी त्यांनी एक चुकीचं बटण दाबलं होतं, तेवढंच. पुढे कधी अडखळले नाहीत. ऑफिसात मी कॉलर ताठ करून सांगायचे, माझ्या निवृत्त वडिलांना जमतं म्हणजे कुणालाही जमेल. लोक मात्र दोन दिवसांत ॲप काढून टाकायचे, आणि मी लोकांना नावं ठेवायचे.

मंगळवारी चिकटपट्टी शोधायला बाबांचा खण उघडला आणि हाती एक लांबट वही लागली. मधलंच पान उघडलं. वर लिहिलं होतं 'ड्रिल'. खाली सुबक अक्षरात: 'वर डावीकडे तीन रेघा. त्या दाबल्याशिवाय काहीही होत नाही. का, ते माहीत नाही.' 'कुंडी'च्या पानावर: 'हृदय म्हणजे प्रेम नव्हे. हृदय म्हणजे नंतर बघू.' शेवटचं पान ताजं होतं. 'गुडघे', एकूण चौदा सूचना. आणि अगदी पहिल्या पानावर, 'इस्त्री'खाली, लाल शाईत: 'हिरवं बटण दाबू नये. दाबलं की पोरीचा चेहरा पडतो.'

एके काळी तीनशे फोन नंबर तोंडपाठ असलेला हा माणूस माझी ॲप घोकून येत होता.

वही घेऊन तरातरा बाहेर आले आणि तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही कुठं अडता ते कळावं म्हणून तर मी समोर बसते, अकरा वर्षं फसवलंत मला, वगैरे. आईचं मटार सोलणं थांबलं. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"तू समोर बसून माझ्याकडे बघत असायचीस," ते म्हणाले. "मी चुकलो की तुझा चेहरा एवढासा व्हायचा. मला बघवायचं नाही ते."

मला रडू आलं आणि रागही गेला नाही, दोन्ही एकदमच. वही घेऊन मी टेबलाशी बसले. बाबांना जे जे लिहून ठेवावं लागलं होतं, ते ते चुकलेलं होतं. दीड दिवसात तेरा गोष्टी बदलल्या. चौदावी ठेवली: 'वर्तुळ येतं. पुढे काय करायचं, ते कळलं नाही.' व्यायाम संपला की पडद्यावर एक वर्तुळ अलगद उमलायचं, बाकी काही नाही. त्या वर्तुळावर माझा फार जीव होता. नवं ॲप बुधवारी फक्त डॉक्टरीणबाईंना पाठवलं. बाबांना नाही.

गुरुवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, वही घरी ठेवून दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाई त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. बाबांनी ॲप उघडलं, व्यायाम शोधला, सुरू केला, सगळं सुरळीत. मग वर्तुळ उमललं आणि त्यांचं बोट हवेतच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा अजिबात हलू दिला नाही. आयुष्यात इतके कष्ट मी कशालाच घेतले नसतील.

"बाई, इथं मला काही कळत नाही," बाबा म्हणाले. "आणि ही चूक माझी नाही."

गेलं काम, मी मनात म्हटलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसल्या. काल त्या स्वतः पाच वेळा तिथंच अडकल्या होत्या, पण डॉक्टर असून विचारायचं कसं म्हणून गप्प बसल्या होत्या. काम त्यांनी मला दिलं, मात्र दर तपासणीला बाबा हवेत, असं बजावून.

संध्याकाळी तिसऱ्या साहेबांचा फोन आला. बाबांनीच उचलला आणि मी कामात आहे असं सांगितलं. त्या वेळी मी मटार सोलत होते.

वही टेबलावर उघडी होती. नव्या पानावर लिहिलं होतं: 'गुरुवार. अडलो. तसं सांगितलं. पोरीचा चेहरा पडला नाही.' आणि खाली लाल शाईत: 'वर्तुळ काढून टाकावे.'