गरम गाडीचा सेल्फ

"थंड असली की शहाण्यासारखी चालू होती, गरम झाली की रुसती," बद्रीनाथभाऊ म्हणाले. "चार मिस्त्री झाले, मल्हारी. दोन बॅटऱ्या घातल्या, सेल्फ बांधून घेतला. फरक शून्य."

मी म्हणालो, "चौघांनी बोनेट उघडलं, डोकं एकानंही उघडलं नाय."

माझं तोंड असंच आहे. त्यापायीच औरंगपुऱ्याच्या बोळात माझं गॅरेज आहे अन् गॅरेजात मी एकटा. बायको, बानाबाई, जाऊन चार वर्षं झाली. लेक देवगाव रंगारीला दिली. कामाला माणूस ठेवला की महिन्यात पळतो. मग गाड्यांशी बोलतो, दुसरं कोण आहे? लई करमत नाय.

भाऊंचा वाळूजला कारखाना. हौसेनं जालन्याच्या कुणाकडून जुनी अँबॅसडर घेतलेली, चौसष्टचं मॉडेल. ते रिक्षानं गेले अन् मी गाडीभोवती फेरी मारली. मागच्या दाराला जीपची कडी. आयला, ही कडी मीच बसवलेली! ही अप्पाराव वकिलांची गाडी. अठ्ठ्याहत्तर साली ती आमच्याकडं यायची. आमच्याकडं म्हणजे मी अन् पुंडलिक.

पुंडलिक अन् मी बारा वर्षं भागीदार. इंजिन माझं, वायरिंग त्याचं. वायर कशी धरायची हेसुद्धा मला त्यानंच शिकवलं. त्याची आई मालनबाई गावाकडनं भाकरी-ठेचा धाडायची, अन् माझ्या भाकऱ्या वेगळ्या फडक्यात बांधलेल्या असायच्या. माझी आई मी पोर असतानाच गेलेली. मालनबाईला मीही आईच म्हणायचो.

या गाडीला तेव्हाही हाच आजार होता. चावीपासून सेल्फपर्यंत बारीक, जुनी, लांब वायर. इंजिन तापलं की सेल्फला जास्त करंट लागतो अन् वायर पोचवते कमी. मग नुसतं 'टक्'. वकीलसाहेबांना आम्ही सांगायचो, "गाडी उतारावर लावत जा साहेब, धक्का मारायची पाळी येणार नाय." हसण्यावारी चाललं होतं सगळं.

मग विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला अन् मराठवाडा पेटला. बौद्धवाड्यांवर लोक चालून जायला लागले. मालनबाई गावात एकटी. पुंडलिक निघाला असता तर त्याला वाटेतच गाठला असता. मी धनगर, मला कोण अडवणार? तो म्हणाला, "मल्हारी, तेवढी आईला घेऊन ये."

वकीलसाहेबांची अँबॅसडर आमच्याकडंच उभी होती. मी पळत जाऊन ती न्यायची परवानगी आणली. परत आलो तर पुंडलिकचं डोकं बोनेटमध्ये. तेलपाणी बघत असंल म्हटलं. त्यानं हात पुसले, चावी दिली.

गावाअलीकडं ओढ्यावर पूल होता. पुलावर माणसं, हातात काठ्या, पलीकडं धूर. पन्नास पावलांवर गाडी उभी केली, इंजिन चालूच. कुणी दगड मारला नाय, कुणी माझ्याकडं धड बघितलंही नाय. खाली उतरून "आईला न्यायला आलो" एवढंच म्हणायचं होतं. उतरलोच नाय. गाडी वळवली अन् आलो निघून. भ्यालो, बस्स. दुसरं काही नाय.

पुंडलिकला सांगितलं, "पुलाजवळ इंजिन बंद केलं अन् गरम गाडी अडली. सेल्फच घेईना. थंड होईस्तोवर सांज झाली." गाडीचा आजार सगळ्यांना ठाऊक, कोण खोटं म्हणणार? पुंडलिकनं माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं बघितलं. म्हणाला, "बरं."

तिसऱ्या दिवशी मालनबाई पायी शहरात आली. घर जळालं, जीव वाचला. आठवड्यानं पुंडलिकनं आपली हत्यारं उचलली अन् गेला. भांडण नाय, तंटा नाय. वकीलसाहेबांनीही गाडी विकून टाकली. मला वाटलं, वारंच तसं आहे, त्याला आमच्या लोकांत राहणं नको असंल. वर मीच गावभर बोंबलत फिरलो, बारा वर्षांची भाकरी विसरला म्हणून. काय म्हणावं मला?

तर परवा, नामविस्ताराच्या वर्षातल्या या मे महिन्यात, मी ती वायर हातानं चाचपत गेलो. बॅटरीच्या पाटामागं हाताला डबी लागली. हॉर्नचा रिले. पण हॉर्नला नाय, सेल्फला जोडलेला. चावीनं नुसता इशारा करायचा, अन् बॅटरीचा करंट रिलेतून जाड वायरीनं थेट सेल्फला. गरम गाडीच्या आजारावर हेच औषध. सोळा वर्षं चाललं, आता आतले पॉइंट जळाले म्हणून आजार परतला.

काम पुंडलिकचंच. बसवलेल्या वस्तूवर खिळ्यानं तारीख कोरायची त्याची खोड होती. डबी पुसली. ४-८-७८.

मी पुलावर गेलो तो दिवस.

म्हणजे मी वकिलांकडं गेलो तेवढ्यात आईसाठी त्यानं गाडी दुरुस्त केली होती. ती गरम होऊन अडणारच नव्हती. मी थाप मारत होतो तेव्हाच त्याला कळलं होतं.

नवा रिले बसवला. गाडी गरम करून बघायची तर लांब न्यावी लागते. पैठण रस्त्यानं निघालो. पुंडलिक चितेगावला कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, हे मला कित्येक वर्षं ठाऊक होतं.

तो पहिल्या पाळीवरनं येऊन दारातल्या ओट्यावर बसला होता. केस पांढरे. आधी गाडीला ओळखलं त्यानं.

"ही अजून जिती व्हय?"

मी इंजिन बंद केलं, उतरलो अन् उभ्या उभ्याच बोललो, "पुंडलिक, त्या दिवशी गाडी अडली नव्हती."

"माहीत आहे."

"रिलेवरची तारीख आज बघितली मी."

"रिलेचं सोड," तो म्हणाला. "आईनं बघितलं तुला. पुलाच्या अलीकडं बाभळीत लपली होती. गाडी दिसली म्हणून उठून उभी राहिली. तू वळलास."

मी विचारलं, "काय म्हणाली?"

"आल्या आल्या विचारलं, मल्हारी सुखरूप पोचला का? म्हणाली, एकटं होतं लेकरू, भ्यालं असंल. तू बोलू नको त्याला, आपण होऊन येईल सांगायला." पुंडलिक पुढं म्हणाला, "पंच्याऐंशी साली गेली. तोवर विचारायची, आला होता का मल्हारी? मी दोन वर्षं वाट बघितली रे, मग सोडून दिली. तिनं नाय सोडली."

"चुकलो, पुंडलिक."

"व्हय."

तो आत गेला, तांब्याभर पाणी आणलं. मी प्यालो. त्यानं तांब्या घेतला अन् हळूच म्हणाला, "आता निघ. पोरं येतील कामावरनं. तू कोण म्हणून सांगू त्यांना?"

मी गाडीत बसलो. इंजिन तापून लाल, बाहेर मे महिन्याचं ऊन. चावी फिरवताना आयुष्यात पहिल्यांदा मनात आलं, नको होऊ चालू. घडीभर अड. थंड होईस्तोवर बस म्हणेल तो मला ओट्यावर.

अर्ध्या चावीला चालू झाली.